फोमच्या तलवारीचा गाभा : पाईप, फायबर की बांबू?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. सोलापुरात तुम्ही दहा-बारा जण सुटीच्या दिवशी फोमच्या तलवारींनी खेळता. पहिल्या दोन तलवारी वायरिंगच्या पाईपवर पॅकिंगचा पांढरा फोम गुंडाळून केल्या. एक मुठीपाशी मोडली. दुसरी इतकी लपलपते की हात एकीकडे आणि पातं दुसरीकडे, शिवाय ज्याला लागते त्याच्या दंडावर वळ उठतो. आता एक मित्र म्हणतो ॲल्युमिनियमचा पाईप घाल, दुसरा म्हणतो घरातली लाठीच घाल, आणि तुम्ही विचारताय की सगळ्यांत मजबूत गाभा कोणता.

नुसतं मजबूतच हवं असेल तर लोखंडी सळई आहेच की! गाभा निवडताना प्रश्न वेगळे विचारायचे असतात. मोडला तर कसा मोडतो? किती लवतो? आणि आतून फोमला काय करतो? वजन त्यानंतर येतं. या तिन्हींची उत्तरं तलवारीची लांबी, खेळणाऱ्यांचं वय आणि मारण्याचा जोर यावर बदलतात, म्हणून एकच नाव सांगून मोकळं होता येत नाही. तरी तुम्ही लिहिलंय त्यावरून (मोठी माणसं, साधारण ३ फुटी तलवार, डोक्यावर वार नाही) बरंच नेमकं सांगता येईल.

आधी मोडण्याचं बघू, कारण गाभा कधी ना कधी मोडणारच. चांगल्या प्रतीचा प्लास्टिकचा पाईप दुमडतो, दुमडलेल्या जागी पांढरा पडतो आणि तसाच लटकत राहतो. फोम आणि कव्हराच्या आत तो कुणालाच टोचत नाही. खेळाच्या दृष्टीने मोडण्याची ही सर्वांत सभ्य रीत. फायबर ग्लासची काठी तुटत नाही, ती फुटते. तिच्यातले तंतू लांबीच्या दिशेने असतात, त्यामुळे तुटल्या जागी केरसुणीसारखा झुबका होतो. तो झुबका टेपमध्ये बांधलेला असेल तर धोका कमी, उघडा असेल तर कातडीत बारीक काच शिरते. बांबू उभा चिरतो आणि सुरीसारख्या लांब ढलप्या निघतात. साधं लाकूड (क्रिकेटचा स्टंप, खराट्याचा दांडा) रेषेच्या दिशेने तिरकं तुटतं, म्हणजे हातात अणकुचीदार भालाच उरतो. ॲल्युमिनियम आधी वाकतं, तुम्ही ते गुडघ्यावर सरळ करता, ते पुन्हा तिथेच वाकतं, आणि तिसऱ्या-चौथ्या वेळी घडीवर फाटतं. फाटलेली कड पत्र्यासारखी धारदार असते आणि ती फोम कापून बाहेर येते. म्हणून ॲल्युमिनियम नको. मॉपचा प्लास्टिक चढवलेला दांडा आणि पडद्याचा रॉड हेही त्याच जातीचे, आत पातळ पत्राच असतो. फोमच्या शस्त्रांचे खेळ जिथे नियमावलीसह खेळले जातात (अमेरिकेत डागोरहिर १९७७ पासून आणि ॲम्टगार्ड १९८३ पासून चालू आहे) तिथेही धातूचा गाभा चालत नाही, त्याचं कारण हेच.

कार्बन फायबर एका वाक्यात संपवतो: हलका, ताठ, महाग, आणि कोणतीही सूचना न देता सुयांसारखा तुटणारा, त्यामुळे पहिल्या दहा तलवारींत त्याचं काम नाही.

आता लवण्याचं. गाभा लपलपला तर नुसता नेम चुकत नाही. वार थांबवला तरी टोक पुढे जातं, समोरच्याच्या ढालीला वळसा घालून पाठीवर बसतं, आणि मनगट थांबल्यावरही टोकाचा वेग वाढलेला असतो. चाबूक असाच चालतो. उलट फार ताठ गाभा वाराचा सगळा जोर फोमवर टाकतो, स्वतः काहीच पचवत नाही. मधलं काहीतरी हवं, आणि ते मोजता येतं. गाभ्याची मूठ टेबलाच्या कडेवर घट्ट दाबून धरा, ६० सेंटिमीटर भाग बाहेर आडवा ठेवा, टोकाला अर्धा लिटर पाण्याची भरलेली बाटली टांगा आणि टोक किती खाली आलं ते पट्टीने बघा. गरम पाण्याचा क्रीम रंगाचा अर्धा इंची सीपीव्हीसी पाईप साधारण ६ ते ७ सेंटिमीटर खाली येतो. प्लंबिंगचा पांढरा अर्धा इंची यूपीव्हीसी, शेड्यूल ४० (शेड्यूल म्हणजे पाईपच्या भिंतीच्या जाडीचा प्रकार), सुमारे २ सेंटिमीटर. भरीव १० मिलिमीटर फायबर ग्लास, तोही जवळपास तेवढाच. १२ मिलिमीटर फायबर ग्लास जेमतेम १ सेंटिमीटर. ३ फुटी तलवारीसाठी १ ते २ सेंटिमीटरच्या पट्ट्यातला गाभा घ्या. ४ च्या पुढे गेला तर तुमच्या दुसऱ्या तलवारीसारखी लपलप सुरू होते.

एक हिशेब डोक्यात पक्का ठेवा. लांबी दुप्पट झाली की लवणं दुप्पट नाही, आठपट होतं. म्हणून खंजिराला उत्तम असलेला पाईप भाल्याला निरुपयोगी, आणि म्हणूनच "माझ्याकडे हा पाईप छान चालतो" असं कुणी सांगितलं की आधी लांबी विचारायची.

वजनाचे आकडेही देतो. मीटरमागे अर्धा इंची सीपीव्हीसी सुमारे १२० ग्रॅम, १० मिलिमीटर भरीव फायबर १५० ग्रॅम, १२ मिलिमीटर २२० ग्रॅम, अर्धा इंची शेड्यूल ४० यूपीव्हीसी २२५ ग्रॅम. म्हणजे १० मिलिमीटर फायबर आणि अर्धा इंची यूपीव्हीसी यांचा ताठपणा एक, पण फायबर एक तृतीयांशाने हलकं. हलकेपणासाठी जास्त पैसे मोजायचे की नाही, एवढाच तिथे प्रश्न उरतो.

पाईप घेताना नाव नीट सांगा, कारण हार्डवेअरच्या दुकानात "अर्धा इंची पाईप" म्हटलं की चार वेगळ्या वस्तू समोर येतात. वायरिंगचा पाईप मिलिमीटरमध्ये विकला जातो (२० मिमी, २५ मिमी) आणि हलका, मध्यम, जड अशा प्रकारांत येतो. त्याचं काम वायर झाकणं, वार झेलणं नव्हे. तुमची तलवार मुठीपाशी मोडली ती बहुधा हलक्या प्रकाराची असणार. यूपीव्हीसीचा अर्धा इंची पाईप बाहेरून २१.३ मिलिमीटर असतो, शेड्यूल ४० ला भिंत सुमारे २.८ मिलिमीटर. शेड्यूल ८० ची भिंत ३.७ च्या आसपास, ताठपणा थोडाच जास्त पण वजन बरंच, म्हणून तलवारीला नको. सीपीव्हीसीचा अर्धा इंची बाहेरून १५.९ मिलिमीटर. त्यात एसडीआर ११ आणि एसडीआर १३.५ असे दोन प्रकार, आकडा लहान तेवढी भिंत जाड, तेव्हा ११ मागा. पाईपवर हे सगळं छापलेलं असतं. छापलेलं नसेल तर तो पाईप घेऊ नका.

स्वस्त पाईपमध्ये खडूची भुकटी जास्त घातलेली असते आणि तो काचेसारखा तडकतो. तपासणं सोपं आहे: हातभर तुकडा कापा, व्हाइसमध्ये धरून किंवा जाड बुटाखाली हळूहळू चपटा करा. चांगला पाईप चपटा होतो, कडेला पांढरा पडतो, पण फुटत नाही. खडूवाला कडकन दोन तुकडे होतो. शेतावरून आणलेला जुना राखाडी पाईप फुकट मिळतो म्हणून कुणी घालायला निघालं तर त्यावरही हीच चाचणी करा. दोन-तीन उन्हाळे बांधावर पडलेला पाईप उन्हाने ठिसूळ झालेला असतो आणि तो चटकन उघडा पडतो.

सोलापूरच्या उन्हाचा अजून एक मुद्दा. मे महिन्यात पारा ४२-४३ ला सहज पोचतो, आणि पत्र्याखालच्या खोलीत किंवा उन्हात उभ्या गाडीत त्याहून कितीतरी जास्त. यूपीव्हीसी वितळत नाही, पण मऊ पडतो, आणि भिंतीला तिरका टेकवून ठेवलेला असेल तर संध्याकाळी बाक घेऊन उठतो. तो बाक नंतर जात नाही. सीपीव्हीसी गरम पाण्यासाठीच बनवलेला असल्याने त्याला उष्णतेचा त्रास कमी, फायबर आणि बांबूला जवळजवळ नाहीच. यूपीव्हीसीच्या तलवारी मुठीला दोरी बांधून खिळ्याला उभ्या लटकवा. बाक काढायला गॅसवर पाईप शेकू नका. पीव्हीसी जळला की त्यातून हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ निघते आणि घसा जाळते.

आता फायबर ग्लास. ३ फुटी तलवारीला माझी पहिली पसंती हीच, पण ते नीट हाताळणार असाल तरच. साध्या हार्डवेअर दुकानात ते सहसा नसतं. मोटार रिवाइंडिंगचं आणि इन्सुलेशनचं साहित्य ठेवणाऱ्यांकडे विचारा, एमआयडीसीतल्या फायबरचं काम करणाऱ्यांकडे विचारा, नाहीतर ऑनलाइन मागवा. मागताना "पल्ट्रूडेड (म्हणजे तंतू लांबीने ओढून बनवलेली), भरीव, १० किंवा १२ मिलिमीटर" एवढं सांगा. ८ मिलिमीटरचा मोह टाळा, तो ३ फुटांवर लपलपतो. तंबूच्या घडीच्या काठ्यांमध्येही फायबर असतं, पण ते पोकळ, बारीक आणि मध्ये सांधा. सांधा पहिल्याच दिवशी निखळतो.

कापायची रीत महत्त्वाची आहे. कापायच्या जागी टेपचे दोन-तीन वेढे घट्ट घाला, मग बारीक दातांच्या हॅक्सॉ ब्लेडने टेपवरूनच कापा. नाहीतर तंतू उसवतात. मास्क आणि हातमोजे घाला, वरून थोडं थोडं पाणी सोडत राहा म्हणजे धूळ उडणार नाही. ती काचेची धूळ आहे, अंगाला खाज सुटते आणि फुप्फुसात तर जायलाच नको. कापल्यावर टोकं सँडपेपरने गोल करून अरल्डाइटचा थर देऊन बंद करा. मग संपूर्ण काठीवर, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, कापडी टेप तिरकी गुंडाळत न्या. हे काम कंटाळवाणं म्हणून लोक सोडून देतात. पण उद्या काठी फुटली तर काच आत राहते ती याच टेपमुळे.

फायबरचा दोष त्याच्या बारीकपणात आहे. २१ मिलिमीटरचा पाईप फोमला रुंद पाठ देतो. १० मिलिमीटरची काठी तेवढाच जोर अर्ध्या रुंदीवर देते. प्रत्येक वाराला ती आतून फोम थोडा थोडा चिरत जाते. महिन्याभरात बाहेरून तलवार छान दिसते आणि आतून काठी कव्हराच्या जवळ आलेली असते. उपाय सोपा: काठीवर आधी ३ ते ४ मिलिमीटर जाडीच्या ईव्हीए शीटचा (घट्ट रबरी फोमच्या पत्र्याचा) एक वेढा चिकटवायचा, किंवा एसीच्या तांब्याच्या नळीवर चढवतात ती काळी नायट्राइल रबरची नळी चढवायची. ही नळी फ्रिज-एसीच्या सुट्या भागांच्या दुकानात मिळते. १० मिमी काठीला आतून १० किंवा १२ मिमीची बघून घ्या, जरा घट्टच असू द्या.

आणि इथेच तुमच्या वळाचं कारण सापडेल. दुसऱ्या तलवारीचा मारणारा भाग अंगठ्याने जोर देऊन दाबा. आतला पाईप अंगठ्याला लागला तर फोम मेलेला आहे, गाभा कोणताही घाला, वळ उठणारच. टीव्हीच्या खोक्यात येतो तो पांढरा ईपीई फोम एकदा दबला की पूर्ण उठत नाही, शंभर-दीडशे वारांत बसतो. योगा मॅटसारखा घट्ट, बारीक छिद्रांचा फोम आत आणि त्यावर थोडा मऊ असे थर करा. गाभ्यापासून मारणाऱ्या कडेपर्यंत किमान अडीच सेंटिमीटर भरले पाहिजेत. गादीचा स्पंज मात्र कितीही जाड घेतला तरी उपयोग नाही, जोराच्या वाराखाली तो कागद होतो.

बांबूबद्दल आपल्याकडे जिव्हाळा असतो. लाठी घरात असते, शिवजयंतीच्या मिरवणुकीत फिरवलेली असते, म्हणून ती हातात बसते. पण लाठी फिरवणारा समोरच्याला न लागू देण्याची कला शिकलेला असतो, आणि तुमचा खेळ मुद्दाम लावण्याचा आहे. दीड-दोन बोटं जाडीच्या लाठीवर इंचभर फोम चढवून वार केला तर फोम फक्त आवाज बदलतो. भरीव बांबू ताठही फार असतो. २० मिलिमीटरचा बांबू वजनाने यूपीव्हीसी पाईपइतकाच, पण ताठपणा त्याच्या चौपट. म्हणजे स्वतः काही न पचवणारा.

तरी एका जागी बांबूच बरा: भाला. ६ फुटी भाल्याला अर्धा इंची पाईप दोरीसारखा लोंबतो. पाऊण इंची यूपीव्हीसी चालतो, पण गाभाच साडेपाचशे ग्रॅमच्या आसपास जातो आणि टोक तरीही डुलतं. सिद्धेश्वरांच्या यात्रेत नंदीध्वज (उंच, जड काठी) उभा असतो तोवर एक माणूस तोलतो. तोच आडवा करून एका टोकाला धरून बघा. भाला आडवाच धरायचा असतो, म्हणून पुढच्या टोकाकडे हलका आणि बुंध्याकडे जड असा निमुळता गाभा हवा, आणि तो निसर्गाने बांबूतच दिलाय. बुरुडाच्या दुकानातून भरीव, पूर्ण वाळलेला, बुंध्याला २० ते २२ मिलिमीटरचा वेळू निवडा. हिरवट असेल तर महिना-दीड महिना सावलीत उभा ठेवा. उन्हात वाळवला तर चिरतो. कीड लागलेली भोकं आणि पेराजवळच्या उभ्या भेगा बघून घ्या. पेरं कानसीने सपाट करा, पण साल तासू नका, ताकद सालीतच असते. मग टोकापासून बुंध्यापर्यंत कापडी टेप. आणि नियम करा की बांबूचा भाला फक्त भोसकण्यासाठी, फिरवून मारण्यासाठी नाही.

वेत सुरेख पर्याय आहे, पूर्ण भरीव, तुटताना ढलप्या न काढता काथ्यासारखा पिंजतो. चिलखत घालून खेळणारे लोक तर बाहेर देशी त्याच्याच काठ्या वापरतात. पण सव्वा इंची वेत फोमखाली फार जड, आणि बारीक वेत (१५ मिलिमीटरच्या आत) फार लपलपीत. सरळ, १८-२० मिलिमीटरचा मिळाला तर घ्या, शोधत बसू नका.

तर तुमच्या ३ फुटी तलवारीसाठी मी असा गाभा करेन. एकूण लांबी ९० सेंटिमीटर. टोकाला ६ सेंटिमीटर निव्वळ फोम आणि मुठीच्या बुडाला २, म्हणजे काठी ८२ सेंटिमीटर. लोक नेमकी हीच वजाबाकी विसरतात, ९० ची काठी कापतात आणि टोकाला बोटभर फोम उरतो.

१० मिलिमीटरची फायबर काठी वर सांगितल्याप्रमाणे कापून, टोकं बंद करून घ्या. तिच्यावर कारखान्यातला मेणचट थर असतो, तो थिनरच्या फडक्याने पुसा, ८० नंबरच्या सँडपेपरने खरबरीत करा, मग टेप. मूठ बारीक वाटेल, म्हणून २५ सेंटिमीटरचा सीपीव्हीसीचा तुकडा बाहीसारखा चढवा. एसडीआर ११ अर्धा इंचीचं आतलं भोक सुमारे १२.४ मिलिमीटर असतं, त्यामुळे काठीवर दोन-तीन ठिकाणी कापडी टेपचे चारेक वेढे देऊन ती घट्ट बसवता येते. मधली पोकळी अरल्डाइटने भरा. बाहीची आतली कड कानसीने उतरती करा. ती धारदार राहिली तर काठी नेमकी तिथेच फुटणार, कारण वाराचा सगळा ताण मुठीच्या वरच्या कडेला येतो. त्याच कारणाने मूठ जिथे संपते तिथेच बाही संपवू नका, ती फोमच्या आत ४-५ सेंटिमीटर जाऊ द्या. मुठीवरची आडवी पट्टी बसवायला गाभ्याला भोक पाडू नका, खिळा-स्क्रू तर नाहीच. पट्टी फोमचीच करून चिकटवा. तुमची पहिली तलवार मुठीपाशी मोडली तिथे भोक किंवा करवतीचा ओरखडा होता का, हे एकदा बघा.

टोकाला जुन्या हवाई चपलेच्या तळव्यातून ४ सेंटिमीटर व्यासाची चकती कापून चिकटवा आणि तिच्यावरून दोन टेपच्या पट्ट्या क्रॉसमध्ये काठीवर खाली ओढा. ही चकती नसेल तर काठी आतून खिळ्यासारखी वर सरकत जाते आणि एक दिवस टोकातून डोकावते. त्यावर फोमचं टोक, रुंदीला साडेसहा सेंटिमीटरपेक्षा जास्त. हा आकडा डोळ्यासाठी आहे: नियमावल्यांमध्ये अडीच इंची कड्यातून टोक आरपार जाता कामा नये अशी तपासणी असते, कारण त्याहून बारीक टोक डोळ्याच्या खोबणीत शिरू शकतं. मुठीच्या बुडालाही चकती आणि फोम हवाच. घाईत मागे आलेला हात सोबत्याच्या तोंडावर बसतो, तेव्हा लागतं ते मुठीचं बूड.

चिकटवायला फेविकॉल एसआर ९९८ किंवा तसला रबरी गोंद. दोन्ही बाजूंना पातळ लावा, बोटाला चिकटेनासा होईपर्यंत थांबा, मग एकदाच नेमका दाबा. उन्हाळ्यात पाच मिनिटांत होतो, पावसाळ्यात वीस लागतात. ओला असताना चिकटवला तर आत वाफ कोंडते आणि महिन्याने फोम काठीभोवती गोल फिरू लागतो. मग पात्याची धार कुठे आणि मूठ कुठे याचा मेळ राहत नाही. गच्चीवर, वाऱ्यात, विस्तवापासून लांब हे काम करा. थर्मोकोल कुठेही वापरू नका, हा गोंद त्याला विरघळवतो.

कव्हरबद्दल एकच. सोलापुरात चादरीचे तुकडे मुबलक, म्हणून तेच शिवण्याचा मोह होईल, पण ती जाड वीण उघड्या हाताला आणि मानेला घासते. साधा मांजरपाट किंवा पॉपलिन घ्या आणि जरा सैल शिवा. पात्यावर पूर्ण टेप गुंडाळलीत तर फोमला दबायला जागा उरत नाही आणि वार चपराकीसारखा बसतो.

फायबर मिळालं नाही किंवा पहिलाच प्रयोग म्हणून पैसे घालायचे नसतील, तर अर्धा इंची शेड्यूल ४० यूपीव्हीसी घ्या आणि बाकी सगळं असंच करा, फक्त बाही लागणार नाही आणि पाईपची उघडी तोंडं बंद करावी लागतील. पाईपचं तोंड म्हणजे गोल पातं, ते चकतीला आतून कापतं. एम-सीलचा गोळा भरून गोल करा. अशा तलवारीचं तयार वजन चारशे ग्रॅमच्या आत ठेवता येतं. खंजिराला, म्हणजे ४५-५० सेंटिमीटरपर्यंत, सीपीव्हीसीच उत्तम. बारा वर्षांखालची मुलं खेळणार असतील तर त्यांनाही सीपीव्हीसी, ६० सेंटिमीटरपर्यंतच. तिथे थोडी लपलप परवडते, जोर परवडत नाही. दोन हाती, ४ फुटी तलवार हवी असेल तर १२ मिलिमीटर फायबर, त्याखाली काही नाही.

प्रत्येक खेळाआधी तलवार कानाजवळ धरून हळूच वाकवा. फायबर करकरलं किंवा बांबूतून टिकटिक आली तर ती त्या दिवशी बाजूला. पाईप असेल तर मुठीच्या वर चार बोटं चाचपून बघा, तिथे वाकवल्यावर ताठपणा अचानक ढिला पडत असेल तर आत घडी पडली आहे. मोडलेल्या यूपीव्हीसीचा सरळ, पांढरा न पडलेला तुकडा कापून खंजिराला वापरता येतो. फुटलेल्या फायबरचा उरलेला भाग तसा वापरू नका, चीर डोळ्याला दिसते त्याच्या वीतभर पुढे गेलेली असते.